पिल्लू घरी आणण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर गणेशोत्सवाच्या आधीच्या रविवारी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये मी बहुतेक वेळा हिशेबावरच बोललो. ऑडिट, सिंकिंग फंड, थकबाकी. त्यामुळे आज कुत्र्याच्या पिल्लावर बोलणार म्हटल्यावर काहीजणांनी सूचनाफलक दोनदा वाचला, असं कानावर आलं. पण विषय घेण्याचं कारण आहे. अनंत चतुर्दशीनंतर आमच्या घरी एक पिल्लू येतंय. बी विंगमध्ये अजून दोन घरांत तसा विचार चालू आहे. आणि मागच्या वार्षिक सभेत लिफ्ट आणि कुत्रे या विषयावर जो आवाज चढला, तो सगळ्यांना आठवत असेलच. तेव्हा पिल्लू येण्याआधी काय काय करावं लागतं, हे एकदा नीट मांडावं, म्हणून उभा राहिलो.

बँकेत मी बरीच वर्षं कर्जविभागात होतो. कर्ज देताना आम्ही माणसाची हौस बघत नव्हतो, परतफेडीची ताकद बघत होतो. पिल्लाचंही तसंच आहे. हौस सगळ्यांनाच असते. पिल्लू दोन महिन्यांचं असताना कोणालाही आवडतं. प्रश्न पुढच्या बारा-पंधरा वर्षांचा असतो. रोज सकाळ-संध्याकाळ कोण फिरवणार, बाहेरगावी गेल्यावर कोण बघणार, आजारपणाचा खर्च कोण करणार? याची उत्तरं आधी कागदावर लिहा आणि मगच पिल्लाला हात लावा, असं माझं सांगणं आहे.

आता हाच नियम मला लावून बघा. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. सौ. एकाहत्तर. पिल्लू चौदा वर्षं जगलं तर मी अठ्ठ्याऐंशीचा होईन. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता. खरं सांगायचं तर सत्तरी ओलांडलेल्यांनी पिल्लू आणूच नये, तीन-चार वर्षांचा शांत कुत्रा दत्तक घ्यावा, असं माझं आजही मत आहे. मोठा कुत्रा चपला चावत नाही, रात्री रडत नाही आणि त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

मग आम्ही पिल्लू का आणतोय? तर सी विंगमधलं एक तरुण जोडपं आहे, दोघंही नोकरीला. सकाळी नऊला जातात, रात्री आठला येतात. त्यांना कुत्रा हवा होता, पण दहा-अकरा तास त्याला एकटं ठेवणं त्यांना पटत नव्हतं. पिल्लाला तर तितका वेळ एकटं ठेवूच नये. एकदा बागेत बोलता बोलता हिशेब लक्षात आला. त्यांच्याकडे वर्षं आहेत, वेळ नाही. आमच्याकडे वेळ आहे, वर्षं नाहीत. म्हणून आम्ही खातं जॉइंट उघडलं, आणि तेही ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ पद्धतीचं. दिवसा पिल्लू आमच्याकडे. रात्रीचं फिरवणं आणि शनिवार-रविवार त्यांच्याकडे. खर्च निम्मा-निम्मा. आमच्यापैकी कोणी हॉस्पिटलात गेलं किंवा कायमचं गेलं, तर कुत्रा त्यांचा. त्यांची बदली झाली आणि आम्ही असमर्थ असलो, तर ते त्याला बरोबर नेतील. हे सगळं साध्या कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या आहेत. त्याला कोर्टात किती किंमत असेल ते वकील मंडळींनी बघावं. आमच्यासाठी तो शब्द आहे.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. म्हातारा मालक गेला आणि मुलं परगावी असली, की कुत्रा रस्त्यावर येतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्यात पाळीव प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त पन्नास रुपये. तेव्हा कायद्याच्या धाकावर राहू नका. आपण एफ.डी.ला नॉमिनी लावतो, तसा कुत्र्यालाही लावा.

आता पिल्लू कुठलं? पलीकडच्या गल्लीत बांधकाम बंद पडलेली साइट आहे. तिथल्या वॉचमनच्या खोलीमागे एका गावठी कुत्रीला पाच पिल्लं झाली. तिघांना घरं मिळाली आहेत. दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू होणार, म्हणजे ती पत्र्याची खोलीही जाणार. आईची नसबंदी करून तिला त्याच जागी परत सोडायचं, असं तिथल्या कार्यकर्त्या मुलीने ठरवलं आहे. नियमही तसाच आहे, कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं.

‘गावठीच का? चांगल्या जातीचं आणा की!’ असं दोघांनी तरी सुचवलं. गावठी कुत्र्याला आपली हवा मानवते. जाड केसांचा हस्की पुण्याच्या उन्हाळ्यात एसीशिवाय हाल काढतो. पगचं नाक इतकं चपटं असतं, की उन्हात त्याला धड श्वास घेता येत नाही. आणि देशी कुत्र्याला मान नाही असं कोणी समजू नये. टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात आपल्या शेजारचा मुधोळ होता. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी असतात. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तिथे कुणी जात विचारली नव्हती.

आमचं पिल्लू आज पाच आठवड्यांचं आहे. ‘मग आत्ताच का नाही आणत?’ असं मुलं रोज विचारतात. बालमित्रांनो, आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला आईजवळून काढायचं नाही. भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ते तिथेच शिकतं. ते शिक्षण आपल्याला देता येत नाही. विकत घेणाऱ्यांसाठीही हेच आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कोणी महिन्याचं पिल्लू डब्यात घालून विकायला आणलं, तर तिथूनच परत फिरा.

दुसरं म्हणजे सणात पिल्लू आणू नका. गणपतीत घरात पाहुणे, खाली ढोल-ताशा, दार सतत उघडं. अशा वेळी नवीन जीव घाबरून पलंगाखाली बसतो. म्हणून आम्ही विसर्जनानंतरचा मुहूर्त धरला. त्यावर एका वहिनींनी शंका काढली, की पितृपंधरवड्यात घरात नवी वस्तू आणत नाहीत. सौ. म्हणाली, ‘वस्तू आणत नाहीत ना? मग ही वस्तू कुठे आहे?’ मला वाटतं, आजच्या भाषणाचं सार तिने तिथेच सांगून टाकलं.

आता तयारी. पहिली घराची. पुस्तकं सांगतात, चार पायांवर रांगून पिल्लाच्या उंचीवरून घर बघा. माझे गुडघे आता रांगू देत नाहीत. मी पाटावर बसून सरकत सरकत सगळं घर पाहिलं. चार्जरच्या वायरी, टीव्हीमागचं जाळं, चपलांचा स्टँड, ओट्याखालचं फिनेल, झुरळांचं औषध, कपाटातल्या डांबरगोळ्या, हे सगळं वर गेलं. उंदराचं औषध तर घरात ठेवायचंच नाही. बाल्कनीच्या गजांतून दोन महिन्यांचं पिल्लू सहज निसटतं, म्हणून खालच्या दोन फुटांना जाळी मारून घेतली. कुंड्यांपैकी मनीप्लँट उंच टांगला. कण्हेर विषारी, ती खाली बागेत दिली. आपल्या सगळ्यांच्या घरात चकचकीत टाइल्स आहेत. त्यावर पिल्लाचे पाय फाकतात, वाढत्या सांध्यांना ते बरं नाही. म्हणून जाण्या-येण्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या टाकल्या आहेत.

ज्येष्ठांसाठी एक जास्तीची सूचना. पिल्लाच्या चावण्यापेक्षा आपल्याला धोका पायात अडखळून पडण्याचा आहे. या वयात खुबा मोडला तर माणूस उठत नाही, अशी उदाहरणं आपल्याच इमारतीत आहेत. आम्ही पिल्लाच्या पट्ट्याला छोटा घुंगरू लावणार आहोत, म्हणजे ते कुठे आहे ते ऐकू येईल. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा चालू राहील. आणि आपल्या गोळ्यांचे डबे! खाली पडलेली गोळी आपल्याला दिसत नाही, पिल्लाला दिसते. तापाची नाहीतर गुडघेदुखीची गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. गोळ्या टेबलाशी बसून, ताटलीत काढून घ्या.

दुसरी तयारी खाण्याची. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की दूध-पोळी. पण आईचं दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. पिल्लाचं खाणं काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पहिले काही दिवस ते आधी जे खात होतं तेच चालू ठेवा आणि हळूहळू बदला. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, म्हणून आपली आमटी-भाजी त्याला चालत नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा नाही. चॉकलेट नाही. शुगरफ्री च्युइंगगम तर मुळीच नाही. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून आतड्यात रुततात, तीही नकोत. ‘एवढंसं दिलं तर काय होतं’ म्हणणाऱ्या सगळ्या आजी-आजोबांना माझी हात जोडून विनंती आहे, आमच्या पिल्लाला आम्हाला विचारल्याशिवाय काही घालू नका.

तिसरी तयारी डॉक्टरची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये माझ्या एका मित्राच्या नातवाने हट्ट करून पिल्लू आणलं होतं. मुलं त्याला घेऊन पहिल्याच संध्याकाळी मैदानावर गेली. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब, आणि आठवडा व्हायच्या आत ते गेलं. पार्व्हो नावाचा आजार. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, साध्या साबणाने मरत नाही. आजारी कुत्रं समोर असायला हवं असंही नाही, आपल्या चपलेबरोबरही तो घरात येतो. तो नातू आता मोठा इंजिनिअर आहे, पण कुत्र्याचा विषय निघाला की अजून उठून जातो.

यावर उपाय लसच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मध्ये तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा तिचा बूस्टर. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो, त्याचीही लस असते. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी. पावसाळ्यात गोचीड बघायचे, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत. आमच्या पिल्लाच्या लसी दिवाळीनंतर पूर्ण होतील, तोवर ते पार्किंगमध्ये जमिनीवर उतरणार नाही.

पण इथे एक पेच आहे. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याला ते आयुष्यभर घाबरत नाही. त्या काळात घरात कोंडलं तर पुढे ते माणसांना, गाड्यांना, मुलांना घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रंच चावतं. म्हणून त्याला खाली उतरवायचं नाही, पण कडेवर घेऊन सगळं दाखवायचं. रिक्षा, भाजीवाला, छत्री, काठी, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी. दिवाळीच्या आधी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून, जोडीला खाऊ देऊन, हळूहळू वाढवायचा. त्यामुळे पुढचे दोन महिने मी रोज संध्याकाळी बाळ काखेत घेतल्यासारखा गेटपाशी उभा दिसेन. हसू नका, जवळ या.

चौथी तयारी मनाची. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर दोन-तीन तास धरवतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. आम्ही दोन महिन्यांची रद्दी विकलेली नाही. बाहेर सांडलं तर पुसायचं आणि गप्प बसायचं. त्याचं नाक त्यात घासणं, चापट मारणं, यातून ते फक्त आपल्याला भ्यायला शिकतं. पहिल्या रात्री ते रडणारच, आई सुटलेली असते. म्हणून त्याची टोपली आमच्या पलंगाशेजारी असेल. सौ.ने जुन्या गोधडीचा एक तुकडा आत्ताच त्या वॉचमनच्या खोलीत नेऊन ठेवला आहे. आईचा आणि भावंडांचा वास त्याला लागेल, आणि पिल्लाबरोबर तोही इकडे येईल. खालच्या मजल्यावरच्या मंडळींना विनंती, पहिले तीन-चार दिवस सांभाळून घ्या.

पाचवी तयारी शेजाऱ्यांची. ही कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही.

कायदा काय सांगतो ते आधी सांगतो. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत. घटनेच्या ५१ क कलमात सजीव प्राण्यांविषयी दया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. पण त्याच सूचनांमध्ये मालकाने शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये, घाण स्वतः उचलावी, हेही आहे. महापालिकेचा परवाना काढायचा आहे, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. हे सगळे कागद मी फाइलला लावणार आहे. पण कागद दाखवून शेजार चालत नाही, हे पंचवीस वर्षांत आपण सगळेच शिकलो आहोत.

आमच्या समोरच्या दारातल्या आजींना कुत्र्याची भीती वाटते. मागच्या सभेत त्यांनी विरोध केला, तेव्हा मागून कोणीतरी हसलं होतं. मी आणि सौ. त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं, आठ-नऊ वर्षांच्या असताना गावाकडे त्यांना कुत्रं चावलं. त्या काळात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज बैलगाडीतून तालुक्याला जायचं आणि चौघांनी धरून ठेवायचं. ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं पुरतात. पण लस बदलली म्हणून आजींची भीती कशी जाईल? कुत्रा चावण्यापेक्षा ते चौदा दिवस त्यांच्या लक्षात राहिले आहेत. ज्याला आपण आडमुठेपणा म्हणतो, त्याच्या पोटात असं काहीतरी असतं.

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. त्या लिफ्टमध्ये असतील तर कुत्रा आत आणायचा नाही. आमचं जाळीचं दार कायम कडी लावून बंद असायचं. आणि दुपारी दोन ते चार त्यांच्या झोपेच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवायचं. आम्ही तिन्ही मान्य केल्या. निघताना आजी म्हणाल्या, ‘मला तो आवडेल असं काही समजू नका. पण विचारायला आलात, हे बरं केलंत.’ एवढ्यावर माझं समाधान आहे.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी चार नियम. झोपलेल्या किंवा खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. ते दिवसातले अठरा तास झोपतं, त्याला झोपू द्यायचं. त्याच्यापुढे धावायचं नाही आणि शेपूट ओढायची नाही. आणि कोणत्याही कुत्र्याचा, अगदी आमच्या पिल्लाचासुद्धा दात लागला किंवा ओरखडा उठला, तर घाबरून लपवायचं नाही. लगेच घरी सांगायचं. मोठ्यांनी ती जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. तुम्हाला कोणी रागावणार नाही, हे मी सगळ्या आई-बाबांच्या वतीने सांगतो.

कमिटीला माझ्या तीन सूचना आहेत. एक, सोसायटीत पाळीव प्राण्यांचं एक रजिस्टर ठेवावं, त्यात लसीची तारीख आणि मालकाबरोबर ‘नॉमिनी’चं नाव असावं. दोन, मागच्या कंपाउंडजवळ एक झाकणाचा डबा आणि खुरपं ठेवावं, त्याचा खर्च कुत्रेवाल्या घरांनी करावा. तीन, लिफ्टमध्ये आधी जो असेल त्याला विचारावं, ‘येऊ का?’ तो नको म्हणाला तर पुढच्या फेरीला थांबावं. याला ठरावाची गरज नाही.

पिल्लाचं नाव अजून ठरलेलं नाही. ऑफिसबाहेर एक खोका ठेवला आहे, मुलांनी चिठ्ठ्या टाकाव्यात. ‘मोती’ आतापर्यंत सहा वेळा आलं आहे. अट एकच, या इमारतीत राहणाऱ्या कोणाचं नाव नको. खिडकीतून हाक मारताना पंचाईत होईल.

चहा तयार आहे, असं खुणेने सांगितलं जातंय. इथेच थांबतो.